अनुशेष मोजायचा कोणी? विकास मंडळांचं काम, सोप्या भाषेत

३० एप्रिल २०२० रोजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही विकास मंडळांची मुदत संपली. टाळेबंदीचे दिवस होते, लोकांना रेशन आणि औषधांची भ्रांत होती. मंडळं राहिली काय नि गेली काय, कोणाला सोयरसुतक नव्हतं. पुढे अधिवेशनात राजकारण तापलं तेव्हा सगळ्यांना एकदम त्यांची आठवण झाली. एका बाजूला ती मागास भागांची ढाल वाटत होती, तर दुसऱ्या बाजूला नुसता कागदी खेळ.

गंमत अशी की या मंडळांना स्वतःहून एखादा मोठा रस्ता बांधता येत नव्हता, धरण तर दूरच. कर लावण्याचा अधिकार नाही, कंत्राटं काढणारी यंत्रणा नाही. राज्यपालांना सांगायचं आणि वर्षाचा अहवाल द्यायचा, एवढंच काम. मग ती असण्या-नसण्याने फरक काय पडतो? पडतो, आणि बराच पडतो. पण तो समजण्यासाठी 'सल्लागार मंडळ' ही चीज आतून कशी चालते ते बघावं लागतं.

राज्याचा पैसा राजधानीत वाटला जातो. ज्या भागाचे मंत्री वजनदार, ज्या भागातून ठेकेदार आणि अधिकारी चटकन प्रस्ताव तयार करतात, तिकडे पैसा आपसूक ओढला जातो. यात दरवेळी कोणाचा डाव असतोच असं नाही. जिथे आधीच कालवे आहेत तिथे कालव्यांची दुरुस्ती निघते. जिथे कालवाच नाही तिथे दुरुस्तीचा खर्च तरी कसा निघणार? म्हणून मागे पडलेल्या भागाच्या वतीने हिशेब मांडणारं कोणीतरी हवं, ही या मंडळांमागची मूळ कल्पना.

करार, कलम आणि अडतीस वर्षांची वाट

२८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. मराठी मुलूख एक व्हावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण विदर्भातल्या पुढाऱ्यांच्या मनात धाकधूक होती: मुंबईच्या राज्यात आपलं काय होईल? म्हणून करारात लिहून घेतलं गेलं की विकासाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, नोकऱ्यांत आणि शिक्षणसंस्थांत वाटा मिळेल, वर्षातून काही काळ सरकार नागपुरात बसेल. नागपूरचं हिवाळी अधिवेशन हे त्याच कराराचं आज दिसणारं रूप. बाकीच्या कलमांचं काय झालं यावरच पुढचं सगळं महाभारत आहे.

१९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३७१ ला नवं रूप मिळालं. द्विभाषिक मुंबई राज्य तेव्हा अस्तित्वात आलं होतं, म्हणून त्याच्या पोटकलम (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र यांच्या जोडीला सौराष्ट्र, कच्छ आणि उर्वरित गुजरात यांचीही नावं आहेत. कलम सांगतं ते असं: राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात. ती जबाबदारी तीन गोष्टींची. स्वतंत्र विकास मंडळं नेमायची आणि त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. विकासखर्चाचं समन्यायी वाटप करायचं, अर्थात सबंध राज्याच्या गरजा सांभाळून. आणि तांत्रिक शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण व सरकारी नोकऱ्या यांत रास्त संधी द्यायची.

'राष्ट्रपती काढू शकतात', 'काढतील' नव्हे. त्या एका क्रियापदापायी अडतीस वर्षं गेली. गुजरातेत तर ही मंडळं कधी झालीच नाहीत. महाराष्ट्रात २६ जुलै १९८४ ला विधिमंडळाने मंडळांची मागणी करणारा ठराव केला, राष्ट्रपतींचा आदेश निघाला ९ मार्च १९९४ ला. त्यावर राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी ३० एप्रिलला आपला आदेश काढला आणि मंडळं उभी राहिली.

मधल्या काळात जे घडलं ते माझ्या मते मंडळांपेक्षाही महत्त्वाचं आहे.

दांडेकरांची मोजपट्टी

१९८३ मध्ये सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तोवर 'आमच्यावर अन्याय झाला' हे भाषणात म्हणायचं वाक्य होतं. दांडेकर समितीने त्याला आकडा दिला. जिल्हा हा घटक धरला. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, पशुवैद्यकीय सेवा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपासून किती मागे आहे ते काढलं. ती तूट भरायला किती पैसे लागतील ते काढलं. त्या रकमेचं नाव अनुशेष. १९८४ च्या अहवालात हा आकडा होता सुमारे ३,१८७ कोटी रुपये: विदर्भ सुमारे १,२४७ कोटी, मराठवाडा ७५१ कोटी, उर्वरित महाराष्ट्र १,१८९ कोटी.

शेवटच्या आकड्यावर थांबा जरा. उर्वरित महाराष्ट्रालाही अनुशेष? हो, कारण घटक जिल्हा होता, प्रदेश नव्हे. पुण्या-मुंबईच्या नावाने जो भाग श्रीमंत समजला जातो त्यातच धुळेही आहे आणि कोकणातले जिल्हेही आहेत.

मंडळं आल्यावर राज्यपालांनी निर्देशांक व अनुशेष समिती नेमली. तिने १ एप्रिल १९९४ ही तारीख धरून पुन्हा मोजणी केली. या वेळी एकूण अनुशेष निघाला १४,००६.७७ कोटी. त्यात विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी. म्हणजे दहा वर्षांत विदर्भाचा एकूण अनुशेषातला वाटा ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला.

दहा वर्षं 'अनुशेष भरतोय, अनुशेष भरतोय' म्हणत असताना तो चौपटीहून जास्त कसा वाढला? यात सगळी चोरी आहे असं मानणारे पुष्कळ भेटतात. थोडं गणित करू.

समजा एका राज्यात सारख्या आकाराचे तीनच जिल्हे आहेत, प्रत्येकी १०,००० चौरस किलोमीटरचे. दर शंभर चौरस किलोमीटरला 'अ' मध्ये १२० किलोमीटर रस्ते, 'ब' मध्ये ९०, 'क' मध्ये ६०. सरासरी ९०. 'क' ची तूट ३०, म्हणजे सगळ्या जिल्ह्याला मिळून ३,००० किलोमीटर. किलोमीटरला ५० लाख खर्च धरला तर अनुशेष १,५०० कोटी. आता दहा वर्षं जाऊ द्या. 'क' ने रस्ते वाढवून ८० वर नेले, चांगलं काम केलं. 'ब' शंभरावर आला. पण 'अ' पोचला १८० वर. नवी सरासरी १२०. 'क' ची तूट आता ४०, म्हणजे ४,००० किलोमीटर; आणि मधल्या काळात किलोमीटरचा दर झाला एक कोटी. अनुशेष ४,००० कोटी. 'क' ने रस्ते बांधले नाहीत असं नाही, तरी अनुशेष अडीचपटीहून वर. आणि 'ब', जो पूर्वी बरोबर सरासरीवर होता, तोही आता मागासांच्या यादीत.

तेव्हा अनुशेष हा पळतं लक्ष्य आहे. ज्या जिल्ह्यांनी मुसंडी मारली त्यांच्यामुळे इतरांचा अनुशेष वाढतो, आणि उशिराची किंमत महागाईच्या दराने वेगळी मोजावी लागते. १९८४ आणि १९९४ चे आकडे शेजारी ठेवून कोणाला गुन्हेगार ठरवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. (त्यात हलगर्जीपणा नव्हता असं मी म्हणत नाही. पण नुसत्या आकड्यांच्या तुलनेतून तो सिद्ध होत नाही.)

सरकारनेही यातून पळवाट काढली ती अशी: १९९४ चा अनुशेष गोठवला. तो भरला की झालं. १९९४ नंतर नवीन पडलेली तफावत या हिशेबात धरलीच जात नाही. म्हणून 'अनुशेष संपला' आणि 'आम्ही अजून मागे आहोत' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

मंडळ करायचं काय?

प्रत्येक मंडळावर त्या भागातले लोकप्रतिनिधी, स्थानिक स्वराज्य संस्थांतला सदस्य, नियोजन-वित्त-सिंचन-आरोग्य-शेती अशा विषयांतले तज्ज्ञ, विभागीय आयुक्त आणि सदस्य-सचिव म्हणून एक वरिष्ठ अधिकारी असत. नेमणूक राज्यपालांची. कामं लिहून दिलेली: आपला भाग कोणत्या क्षेत्रात किती विकसित आहे ते योग्य निर्देशांक लावून ठरवणं, केलेल्या खर्चाचा अनुशेषावर काय परिणाम झाला ते तपासणं, येत्या वार्षिक योजनेत किती खर्च व्हावा ते सुचवणं आणि वार्षिक अहवाल देणं.

इथपर्यंत हे नेहमीच्या सरकारी समितीसारखंच आहे. खरी मेख पुढे आहे. राज्यपालांनी मंडळांच्या क्षेत्रांना जो निधी वाटून दिला तो अर्थसंकल्पात दिसला पाहिजे, आणि एका मंडळाच्या क्षेत्रातला निधी दुसऱ्या मंडळाच्या क्षेत्रात वळवता येणार नाही, असं आदेशातच लिहिलेलं होतं. मंत्रालयात वर्षाअखेरीला पुनर्विनियोजन नावाचा प्रकार चालतो: इकडचा न खर्चलेला पैसा तिकडे. आपल्या हद्दीत खुशाल करा, हद्द ओलांडून नाही, एवढं हे साधं कुंपण. १५ डिसेंबर २००१ पासून राज्यपालांनी वार्षिक योजनेसाठी निर्देश काढायला सुरुवात केली तेव्हा या कुंपणाला धार आली. त्याचबरोबर वादही आला. निवडून आलेलं सरकार अर्थसंकल्प मांडणार, विधिमंडळ तो मंजूर करणार, मग राज्यपालांनी सांगायचं म्हणजे काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण घटनेने ही जबाबदारी राज्यपालांच्या नावाने लिहिली ती, बहुमत ज्या बाजूला असेल तिकडेच पैसा झुकतो हे ओळखूनच.

वाटपाचं सूत्र तरी कसं ठरतं बघा. विधानसभेच्या चर्चांत विदर्भ २३.०३ टक्के, मराठवाडा १८.७५ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्र ५८.२३ टक्के हे आकडे वारंवार येतात. कुठून आले? २०११ ची जनगणना घ्या. विदर्भाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख, मराठवाड्याची १ कोटी ८७ लाख, राज्याची ११ कोटी २४ लाख. विदर्भाचा वाटा भागून बघा: साडेवीस टक्के येतो, तेवीस नाही. आता राज्याच्या आकड्यातून मुंबईचे सुमारे १ कोटी २४ लाख लोक वजा करा आणि पुन्हा भागा. बरोबर २३ च्या आसपास उत्तर येतं, मराठवाड्याचं पावणेएकोणीस. मुंबई धरायची की वगळायची, या एका निर्णयाने विदर्भाचा वाटा अडीच टक्क्यांनी हलतो. हजारो कोटींच्या कार्यक्रम खर्चात, म्हणजे विकासयोजनांवरच्या खर्चात, अडीच टक्के ही किरकोळ रक्कम नव्हे. विधानसभेत आरडाओरडा होतो तो निधीवरून. पण खरा निर्णय भाजकात कोणती संख्या घालायची इथे होऊन गेलेला असतो. सल्लागार मंडळाची ताकद असेल तर ती इथे, मोजणीच्या नियमांत.

पैसा पोचला, पाणी पोचलं का?

दुसरी गुंतागुंत आर्थिक आणि भौतिक अनुशेषाची. आर्थिक अनुशेष म्हणजे खर्चायचे राहिलेले रुपये. भौतिक अनुशेष म्हणजे प्रत्यक्षात न झालेले हेक्टर, किलोमीटर, खाटा. एक भरला म्हणून दुसरा भरतोच असं नाही.

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज होता ३७२ कोटींचा. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मिळून सुमारे अडीच लाख हेक्टर भिजवायचं होतं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला. सुधारित किंमत अठरा हजार कोटींच्या पुढे गेली, आणि भूमिपूजनाला पस्तीस वर्षं झाली तरी कालवे आणि वितरिकांची कामं चालूच होती. धरणाची भिंत दिसते, तिचा फोटो निघतो, उद्घाटन होतं. शेताच्या बांधापर्यंत जाणारी चारी दिसत नाही, आणि धानाच्या बांधीत पाणी आणते ती चारीच. ताळेबंदात मात्र भिंतीचा रुपया आणि चारीचा रुपया दोन्ही 'विदर्भ, सिंचन' या एकाच ओळीत बसतात. अनुशेष कमी झाल्याचं कागद सांगतो, आणि पवनीकडचा शेतकरी आभाळाकडे बघतो.

पश्चिम विदर्भात प्रश्न वेगळाच. अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा या जिल्ह्यांचा सिंचनाचा भौतिक अनुशेष बाकी सगळ्यांचा मिटल्यावरही रेंगाळत राहिला. एकाच विदर्भ मंडळात नागपूर विभागही आणि अमरावती विभागही. विदर्भाला मिळालेला निधी पूर्वेकडे जास्त गेला की पश्चिमेकडे, याचं भांडण मुंबईपर्यंत पोचतच नाही. प्रदेशाच्या सरासरीत जिल्हा लपतो, जिल्ह्याच्या सरासरीत तालुका.

हे ओळखून २०११ मध्ये अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीला तालुका हा घटक धरून काम करायला सांगितलं गेलं. तालुका धरला की माण, खटाव, जत, आटपाडी ही नावं सातारा-सांगलीच्या सुबत्तेआडून बाहेर येतात. समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, डिसेंबर २०१४ मध्ये तो विधिमंडळापुढे आला. त्यावर चर्चा झाल्या, परिसंवाद झाले, आणि नंतर तो अहवाल उद्धृत करण्याच्या कामी जास्त आला.

जिल्ह्याचं टेबल

प्रादेशिक मंडळाच्या खाली, लोकांच्या जास्त ओळखीची एक संस्था आहे: जिल्हा नियोजन समिती. जुने लोक अजून तिला 'डीपीडीसी'च म्हणतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागा मिळाली, राज्याचा कायदा १९९८ चा. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत, असं घटना सांगते.

बैठकीची विषयपत्रिका एकदा वाचून बघण्यासारखी असते. पहिला विषय ठरलेला: मागील बैठकीचं इतिवृत्त कायम करणे. मग चालू वर्षाचा खर्चाचा आढावा, मग पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा, मग एखाद्या देवस्थानाला 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा, आणि शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. सभागृहात मात्र आवाज चढतो तो जळालेल्या रोहित्रावर. महावितरणचा अधिकारी उभा राहतो, आठ दिवसांत बदलून देतो म्हणतो, सदस्य म्हणतात मागच्या बैठकीतही हेच म्हणाला होतात. शाळाखोल्या, रुग्णवाहिका, स्मशानभूमीचं शेड. शेकडो कोटींचा आराखडा या गदारोळात पाच-दहा मिनिटांत मंजूर होतो. सदस्यांना दोष देऊन उपयोग नाही. गावात त्यांना आराखड्याबद्दल कोणी विचारत नाही, रोहित्राबद्दल विचारतात.

आणि आराखड्यात ठरवण्यासारखं उरतं तरी किती? जिल्ह्याची कमाल मर्यादा नियोजन विभाग कळवतो. जिल्हा वाढीव मागणी मांडतो, राज्यस्तरीय बैठकीत अर्थमंत्री ती थोडीफार मान्य करतात. अर्थसंकल्प मार्चमध्ये. पुढे निधी टप्प्याटप्प्याने येतो, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. मध्ये एखादी आचारसंहिता आली की दोन महिने गेले. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये जी धांदल उडते ती कोणत्याही जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन बघावी. खर्च न झालेला निधी परत जाऊ नये म्हणून चाललेली ती धावपळ नियोजन या नावाने ओळखली जाते.

त्यात २०२२ पासून काही वर्षं बहुतेक जिल्हा परिषदा आणि महापालिकांवर प्रशासक होते. निवडून आलेले सदस्यच नाहीत म्हटल्यावर समितीतल्या त्या चार-पंचमांश खुर्च्यांवर बसणार कोण? पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी, एवढ्यावर कारभार आला. समिती कागदावर होतीच.

शेजारी काय झालं

मराठवाड्याच्या सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी, रायचूर हे जिल्हे आहेत. निजामाच्याच राज्यातले, त्याच मागासलेपणाचे वारस. कर्नाटकाने २००२ मध्ये नंजुंडप्पा समितीचा अहवाल घेतला. तिने तालुका घटक धरून १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले, आणि त्यातही मागास, जास्त मागास, सर्वांत मागास अशी प्रतवारी केली. २०१२ मध्ये संसदेने ९८ वी घटनादुरुस्ती केली, '३७१-जे' हे नवं कलम आलं. तिकडच्या मंडळाचं नाव आता कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळ.

फरक मोठा आहे. महाराष्ट्रातलं मंडळ सुचवायचं, खर्च इतर खात्यांनी करायचा. कर्नाटकातल्या मंडळाकडे स्वतःची थैली आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यात ५,००० कोटी घालायचं जाहीर झालं. शिवाय स्थानिकांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत आरक्षण. ऐकायला हे जास्त भारी वाटतं. पण थैली हातात आली की मंडळ हे आणखी एक बांधकाम खातं होऊन बसण्याचा धोका असतो: आमदारांच्या शिफारशी, छोटी छोटी कामं, आणि मुख्य खाती 'तुमच्याकडे मंडळ आहे ना' म्हणून हात झटकायला मोकळी. मला विचाराल तर मोजणारा आणि खर्च करणारा वेगळा असलेला बरा. स्वतः खर्च करणारा स्वतःचा अनुशेष काढायला फारसा उत्सुक नसतो.

जमीन सरकली ती अशी

महाराष्ट्रातल्या मंडळांची मुदत पाच-पाच वर्षांनी, कधी एकेक वर्षाने वाढत गेली. दरम्यान त्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती. १९९४ चे आदेश पंचवार्षिक योजनेच्या भाषेत लिहिलेले होते. २०१४ मध्ये दिल्लीतला योजना आयोग बंद करण्याचा निर्णय झाला, १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला. २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर हा खर्चाचा भेदच गेला. राज्यात 'कार्यक्रम खर्च' आणि 'अनिवार्य खर्च' आले. योजनेतल्या पैशाचं वाटप सांगणाऱ्या मंडळाने आता नेमकं कशाचं वाटप सांगायचं, हा प्रश्न २०२० च्या आधीच पडला होता.

मग कोरोना, मुदत संपणं, आणि त्यानंतरची ओढाताण. मार्च २०२१ मध्ये तर विधानसभेत या मंडळांचा प्रश्न राज्यपालांकडे अडकलेल्या १२ नामनियुक्त आमदारांच्या यादीशी जोडला गेला. विदर्भ-मराठवाड्याचा हिशेब एका पारड्यात आणि विधान परिषदेच्या बारा जागा दुसऱ्यात. २७ सप्टेंबर २०२२ ला पुढच्या सरकारच्या मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा स्थापन करण्याची शिफारस करायचं ठरवलं.

त्याच सुमारास दुसऱ्या धाटणीच्या संस्था उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'मित्रा', नीती आयोगाच्या धर्तीवर. डिसेंबरात टाटा समूहाचे एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची आर्थिक सल्लागार परिषद. उद्योग आणि वित्त क्षेत्रातली मोठी नावं, आणि उद्दिष्ट राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरवर नेण्याचं. अशा परिषदेचा उपयोग आहेच. पण तिचा प्रश्न 'राज्य किती वाढेल' हा आहे, विकास मंडळाचा प्रश्न 'वाढीतलं कोणाला किती' हा होता. पहिल्याचं उत्तर मुंबई, ठाणे, पुणे मिळूनही देऊ शकतात. दुसऱ्यासाठी वाशिम आणि गडचिरोली मोजावेच लागतात. आणि परिषदेचा अहवाल सरकारने स्वीकारावा किंवा न स्वीकारावा. निधी वळवायचा नाही असं सांगणारी ओळ तिच्याकडे नाही.

मंडळं परत यायची तर रस्ता लांबचा आहे: मंत्रिमंडळाची शिफारस, राज्यपाल, केंद्रीय गृह मंत्रालय, राष्ट्रपतींचा आदेश, मग पुन्हा राज्यपालांचा आदेश. कोकणाची वेगळ्या मंडळाची मागणी जुनीच आहे, पण कलम ३७१ (२) मध्ये महाराष्ट्रातली नावं तीनच. चौथं मंडळ हवं तर घटनेलाच हात लावावा लागेल. तसा हात न लावता उर्वरित महाराष्ट्राच्या मंडळात कोकण आणि खानदेशाचा हिशेब स्वतंत्र मांडता येईल, त्याला कोणाची आडकाठी नाही.

पण नेमणुका झाल्या, कार्यालयं उघडली, तरी पहिल्याच बैठकीत मोजायचं काय हा प्रश्न टेबलावर येणार. हातात असलेला अनुशेष १ एप्रिल १९९४ चा. त्या दिवशी राज्यात ३१ जिल्हे होते. नंदुरबार आणि वाशिम १९९८ मध्ये झाले, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. वाटपाच्या टक्केवारीखालची लोकसंख्या २०११ ची, आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. नव्या मोजणीत घटक जिल्हा धरायचा की तालुका, मुंबई आत की बाहेर, आणि सिंचनात धरणाची क्षमता मोजायची की प्रत्यक्ष भिजलेलं शिवार, हे तीन नियम ज्या दिवशी ठरतील त्या दिवशी पुढच्या दहा-वीस वर्षांचं बरंचसं वाटप ठरून गेलेलं असेल.